वर्कशॉपनं पोरं पास होत नाहीत म्हणे! (कम्युनिटी कॉलेजातल्या मास्तरांचं प्रशिक्षण)

पाटीपेन्सिल:

परवा 'अमेरिकेतलं शिक्षण महाग का' या चर्चेत रोखठोक यांनी जाता जाता एक पिंक टाकली: "कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत मास्तरांना समन्यायाचे धडे द्यायला पैसा उधळतात. पोरांना अपूर्णांक येत नाहीत, ते शिकवा की आधी. वर्कशॉपनं आजवर एकही पोरगं पास झालेलं नाही." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा. (कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथून मुलं पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जातात. समन्याय म्हणजे इक्विटी, मागे पडणाऱ्या मुलांनाही बरोबरीनं पार नेणं.)

अपूर्णांक 'आधी' शिकवण्याचा प्रयोग करून झालाय हो. प्लेसमेंट टेस्ट घ्यायची आणि पोराला ट्रान्सफर लेव्हलच्या, म्हणजे पुढे विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या कोर्सच्या, तीन-चार पायऱ्या खाली बसवायचं. अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग पुढचं बीजगणित, आणि मग कुठे खरा कोर्स. प्रत्येक पायरीवर 70 टक्के पास होतात असं उदार मनानं धरा आणि मधे कुणीच सोडून जात नाही असंही धरा. चार पायऱ्यांनंतर उरतात 100 पैकी 24. प्रत्यक्षात मधे सोडून जाणारेच जास्त. आणि खालच्या पायरीवर कोण बसायचं? बहुतेक कृष्णवर्णीय, लॅटिनो, आणि घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेली मुलं. म्हणून कॅलिफोर्नियात 2017 चा एबी 705 हा कायदा आला, 2019 च्या फॉल सत्रापासून हायस्कूलचे गुण बघून थेट ट्रान्सफर लेव्हलला बसवायला लागले, आणि 2022 च्या एबी 1705 नं उरलेल्या पळवाटाही बुजवल्या.

आता मास्तरांच्या बाजूनं बघा. काल अंकगणित शिकवणाऱ्याच्या हातात आज स्टॅटिस्टिक्सचा वर्ग, आणि वर्गात कॅल्क्युलस झालेली मुलं आणि अपूर्णांकाला घाबरणारी मुलं शेजारी शेजारी. सोबत दोन युनिटांचा (क्रेडिटांचा) कोरिक्विझिट तास, म्हणजे मुख्य कोर्सच्या जोडीनं त्याच सत्रात चालणारा सपोर्टचा वर्ग. तो शिकवायचा कसा हे कुठल्याही एमएस्सीत शिकवत नाहीत. न शिकवता सोडलं तर त्या तासाचं दोनांपैकी एक होतं. एक तर गृहपाठाचा तास, नाही तर जुनाच रिमेडियल अभ्यासक्रम मागच्या दारानं. बरोबर रीत अशी की बुधवारी स्टँडर्ड डेव्हिएशन असेल तर सोमवारच्या सपोर्ट तासाला वर्गमूळ आणि क्रियांचा क्रम, तेवढाच, पंधरा मिनिटं. झेड-स्कोअर (गुणातून सरासरी वजा करून स्टँडर्ड डेव्हिएशननं भागलेला आकडा) काढताना पोरं कॅल्क्युलेटरवर 72 − 65 ÷ 3.5 असं कंस न लावता ठोकतात आणि 2 ऐवजी 53.4 आलेलं बिनदिक्कत लिहून देतात. ही चूक कुठे येणार हे आधी माहीत असणं म्हणजेच प्रशिक्षण.

फ्लेक्स डेला, म्हणजे शिकवण्याऐवजी मास्तरांच्या प्रशिक्षणासाठी ठेवलेल्या दिवशी, हॉटेलातून बॉक्स लंच आणून पाहुण्या वक्त्याचं भाषण ठेवणं म्हणजे प्रशिक्षण, असं मीही म्हणत नाही.

---

रोखठोक:

आमच्या एका ओळीवर स्वतंत्र धागा! धन्य झालो.

ताई, शेवटच्या परिच्छेदात तुम्ही माझंच म्हणणं मान्य केलंत, फक्त सहा फूट खाली पुरून. कायद्यानं वर्षात 15 दिवसांपर्यंत अध्यापनाचे दिवस फ्लेक्सकडे वळवता येतात. ते ठेवतात कधी? सत्र सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात. तोवर सिलॅबस छापून झालेला, कॅनव्हासवरचा (ऑनलाइन वर्गप्रणालीवरचा) कोर्स पब्लिश झालेला. मास्तर भाषण ऐकतो, 'इक्विटी-माइंडेड' हा शब्द वहीत लिहितो, आणि सोमवारी मागच्या वर्षीचाच कोर्स कॉपी करून उघडतो. त्या दिवसांचं फलित काय? सहीचा कागद.

खरोखर काय चाललं ते सांगतो. न्यूयॉर्कच्या क्यूनी या शहर विद्यापीठाचा असॅप हा विद्यार्थ्यांना मदतीचा कार्यक्रम, 2007 पासून. एमडीआरसी या संशोधन संस्थेनं चिठ्ठ्या टाकून दोन गट करून तपासला. तीन वर्षांत पदवी 40 टक्के, दुसऱ्या गटात 22. त्यात मास्तरांचं प्रशिक्षण किती होतं? जवळजवळ काहीच नाही. मेट्रोकार्ड (बस-रेल्वेचा पास), पुस्तकांचे पैसे, पूर्णवेळ प्रवेशाची अट, आणि एका समुपदेशकाकडे 60 ते 80 मुलं. बाकीच्यांकडे 600 च्या वर. पैसा तिकडे टाका. मास्तर आहे तसाच राहू दे.

---

गणोबा:

रोखठोक यांना +1. प्रशिक्षणाच्या नावाखाली प्रत्यक्षात काय विकतात ते माहीत असलेलं बरं. 'समन्यायी ग्रेडिंग' म्हणजे 50 च्या खाली गुणच द्यायचे नाहीत. पोरानं पेपर दिलाच नाही तरी 50. चार चाचण्या, तीनांत 80, चौथी दांडी. खरी सरासरी 60, म्हणजे डी. ट्रान्सफरला सी लागतो. पण तळ 50 चा केला की 72.5, घ्या सी! याला शिकणं म्हणायचं?

---

पाटीपेन्सिल:

@गणोबा, तुमच्याच नावाला जागून जरा पुढे गणित करा. 100 च्या पट्टीवर ए पासून डी पर्यंत सगळे मिळून वरच्या 40 गुणांत बसतात आणि एफ एकटा 60 गुण खाऊन बसतो. तेच गुण 4 च्या पट्टीवर मांडा: बी, बी, बी, एफ म्हणजे 3, 3, 3, 0. सरासरी 2.25. तो सी आहे. पोरगं तेच, चाचण्या त्याच, निकाल मात्र पट्टीवर ठरला. आणि 50 चा तळ हा त्यावरचा एकमेव उपाय नाहीच. सर्वांत खालची चाचणी गाळा, किंवा अंतिम परीक्षेत तोच भाग पुन्हा विचारा आणि तो गुण वरचढ ठरू द्या.

बरेच मास्तर तर शून्य ठरवून देतच नाहीत. कॅनव्हासमध्ये 'न दिलेल्या कामाला आपोआप शून्य' ही खूण एकदा केली की सत्रभर यंत्र देत बसतं. ते सेटिंग उघडून दाखवायला वीस मिनिटं लागतात. हेही प्रशिक्षणच.

---

गणोबा:

ठीक. 4 च्या पट्टीचं गणित बरोबर आहे. गणितापुरतं मान्य, धोरणापुरतं नाही. नर्सिंगला औषधाच्या मात्रेची चाचणी असते, तिथे 90 टक्क्यांच्या खाली नापास. तिथेही पट्टी बदलता का?

---

आकडेमोड:

नर्सिंगच्या त्याच चाचणीला पुन्हा बसता येतं, गणोबा. पहिल्या प्रयत्नातले 70 आणि दुसऱ्यातले 95 यांची सरासरी काढून कुणी मुलीला घरी पाठवत नाही. तुमचं उदाहरण उलट्या बाजूला पडलं.

मला दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे. प्रशिक्षणवाल्यांचा लाडका खेळ म्हणजे प्रत्येक मास्तराला त्याच्या वर्गाचे वंशनिहाय निकाल हातात देणं. हेतू चांगला, पण कसं देतात? वर्गात 32 मुलं, त्यात कृष्णवर्णीय 4. एकाच्या आईचं ऑपरेशन झालं, त्यानं डब्ल्यू घेतला, म्हणजे कोर्स मधेच सोडला, की यशाचं प्रमाण सरळ 25 टक्क्यांनी घसरलं. मास्तराला वाटतं आपल्याला वंशवादी ठरवलं. तो पुन्हा त्या खोलीत येत नाही. निदान सहा सत्रं आणि त्याच कोर्सचे सगळे वर्ग एकत्र केल्याशिवाय तो आकडा कुणाला दाखवू नये, आणि पहिल्यांदा दाखवताना विभागाचा दाखवावा, व्यक्तीचा नको.

दुसरी गोम भाजकात. सेन्ससच्या (पटावरची मुलं मोजायच्या) दिवसाआधी, म्हणजे सत्राचा पाचवा भाग संपायच्या आत जो गळाला तो हिशोबात येतच नाही. पहिल्या दोन आठवड्यांत कडक भाषणं ठोकून कच्ची मुलं पळवून लावणाऱ्याचा निकाल झकास दिसतो. धरून ठेवणाऱ्याचा पडतो. हे माहीत नसलेला डीन बक्षीस भलत्यालाच देतो.

आणि @रोखठोक, असॅपला पूर्णवेळ प्रवेशाची अट आहे हे तुम्हीच लिहिलंत. कम्युनिटी कॉलेजातली बहुसंख्य मुलं अर्धवेळ असतात. रात्री गोदामात काम करून तीन युनिटं घेणाऱ्या मुलाला असॅप दारातच अडवतं. त्याला कॉलेजातलं जे एकमेव माणूस दर आठवड्याला भेटतं ते म्हणजे मास्तर.

---

रोखठोक:

शेवटचा मुद्दा बरा आहे. (लिहिताना त्रास झाला.)

---

पश्चिम_टेक्सास:

उदाहरण हवं तर आमच्या इकडचं ओडेसा कॉलेज घ्या. वर्गातून गळती थांबवायला मास्तरांनी चार गोष्टी कबूल केल्या. मुलांना नावानं ओळखायचं. प्रगतीवर बारीक नजर ठेवून घसरण दिसताच लगेच हात घालायचा. प्रत्येकाशी समोरासमोर एकदा बोलायचं. आणि नियम कडक ठेवूनही माणूस बघून लवचीक व्हायचं. बस. वक्ते नाहीत, स्लाइड नाहीत. गळती कमी झाली.

आणि ज्यांना 'समन्याय' या शब्दाचीच ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी: टेक्सासात 1 जानेवारी 2024 पासून एसबी 17 या कायद्यानं डीईआयची (विविधता, समन्याय, समावेशनाची) कार्यालयं बंद झाली. नावानं ओळखायला कुठल्याही कायद्याची बंदी नाही. उलट कॅलिफोर्नियानं 2023 मध्ये डीईआयचं हे सगळं मास्तरांच्या मूल्यमापनातच घातलं आणि त्याच वर्षी फ्रेझ्नोकडच्या प्राध्यापकांनी कोर्टात नेलं. सक्ती केली की माणसं वकील शोधतात.

---

पाटीपेन्सिल:

ओडेसाचा तिसरा मुद्दा पाहा. एका वर्गात 30 मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे पाच तास. पाच वर्ग असतील तर पंचवीस. पूर्णवेळ मास्तर ऑफिस अवर्समध्ये बसवतो. ॲडजंक्टनं (अर्धवेळ, कंत्राटी मास्तरानं) कुठे बसवायचे? तीन कॉलेजांत गाडी पळवत फिरतो, ऑफिस नाही, बऱ्याच ठिकाणी त्या तासांचे पैसे नाहीत.

---

तासिकाग्रस्त:

वा! शेवटी मुद्द्यावर आलात. इतका वेळ वाचत होतो, म्हटलं अमेरिकेतली सीएचबी (तासिका तत्त्वावरची नेमणूक) कधी निघते.

आमच्याकडे महाराष्ट्रात एका मंजूर पदाचे 18 तास दोघांत वाटतात, प्रत्येकी आठवड्याला 9 तासिका. मानधन तासाला. सुट्टीचं नाही, परीक्षेच्या काळाचं नाही, आणि जे मिळतं ते सहा-सहा महिने तुंबतं. वर प्राचार्यांचा निरोप: "नॅक येतंय, एफडीपी करा." म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणारे येतायत, शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स करा. मालवीय मिशन या सरकारी शिक्षक-प्रशिक्षण योजनेचा महिन्याभराचा इंडक्शन किंवा दोन आठवड्यांचा रिफ्रेशर कायम असणाऱ्याला कॅसमध्ये (पदोन्नतीच्या योजनेत) वरची लेव्हल देतो. सीएचबीवाल्याला कॅसच नाही, मग लेव्हल कुठली? कोर्सला बसला तर तेवढ्या दिवसांच्या तासिका बुडाल्या, म्हणजे शिकायला स्वतःच्या खिशातून पैसे भरल्यासारखं. आधी नोकरी द्या, मग समन्याय शिकवा.

---

गणोबा:

अवांतर सुरू.

---

तासिकाग्रस्त:

ज्यांचं पोट भरलंय त्यांना अवांतरच वाटणार.

---

गणोबा:

भाऊ, पोटावर जाऊ नका. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रात एफडीपीचं पीक आलं होतं ते विसरलात? झूम म्यूट करून पोळ्या लाटायच्या, शेवटी गूगल फॉर्म भरायचा, की ई-सर्टिफिकेट ईमेलमध्ये. त्यात कायमवाले, सीएचबीवाले, सेवानिवृत्त, सगळे होते. मानधनाच्या दुःखाआड ते लपवू नका.

---

तासिकाग्रस्त:

ते पीक काढलं कुणी? आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) तक्त्यात 'किती शिक्षकांनी एफडीपी केला' हा रकाना आहे म्हणून. 'त्यानंतर वर्गात काय बदललं' हा रकाना असता तर कुणी फॉर्म भरून सुटलं नसतं. मोजाल तेच उगवेल. आणि सर्टिफिकेट गोळा करणारे सगळ्यात जास्त कोण, तेही बघा. ज्यांना पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला उभं राहायचंय ते. फाइल जाड दिसावी लागते.

---

आकडेमोड:

तासिकाग्रस्त यांचा स्वर सोडा, रकान्याचा मुद्दा मात्र दोन्ही देशांना लागू आहे. पण ॲडजंक्ट आणि सीएचबी एकाच मापानं मोजू नका.

कॅलिफोर्नियात एका डिस्ट्रिक्टमध्ये (कॉलेजांच्या एका प्रशासकीय गटात) अर्धवेळ मास्तराला पूर्ण भाराच्या 67 टक्क्यांवर शिकवता येत नाही. पूर्ण भार 15 युनिटं धरा. स्टॅटिस्टिक्स 4 युनिटं, सपोर्ट 2, अशी एक जोडी 6 युनिटांची, म्हणजे 40 टक्के. दुसरी जोडी दिली की 80. बेकायदा. मग डीन काय करतो? दुसऱ्या जोडीतला मुख्य कोर्स या मास्तराला देतो आणि सपोर्ट भलत्यालाच. एकूण 10 युनिटं, 66.7 टक्के, कागद खूश. पण सपोर्टवाल्याला बुधवारी काय शिकवलं याचा पत्ता नाही, तो शुक्रवारी आपलं अपूर्णांकांचं वर्कशीट वाटतो. बॉल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजाच्या एएलपी या कार्यक्रमात, जिथून इंग्रजीच्या कोरिक्विझिटची ही पद्धत पसरली, दोन्ही तासांना एकच मास्तर ही मुळातली अट होती. इथे ती वेळापत्रकातच मोडते, आणि वर्षअखेरीला ठपका 'मास्तरांना प्रशिक्षण कमी पडलं' यावर.

---

रोखठोक:

म्हणजे प्रशिक्षण दिलं की तेही 67 मध्ये मोजणार, आणि वर्ग अजून कमी होणार. छान.

---

आकडेमोड:

नाही. त्याच कलमात सूट आहे. स्टाफ डेव्हलपमेंट, कॉलेजच्या समित्या, ग्रँट लिहिणं यांचे तास 67 मध्ये धरत नाहीत. वाचून लिहीत चला.

---

पश्चिम_टेक्सास:

कॅलिफोर्नियाबाहेर मात्र गोची आहे. ओबामाकेअर या आरोग्यविम्याच्या कायद्याच्या हिशोबासाठी आयआरएस या करखात्यानं वर्गातल्या प्रत्येक तासाला 2.25 तास काम धरायची मुभा दिलीय. 12 तास शिकवणाऱ्याचे झाले 27. विम्याची रेषा 30 वर. आता कॉलेजनं आठवड्याला तीन तासांची बैठक सक्तीची केली की तेही मिळवावे लागतात, आणि तो माणूस 30 वर. विमा द्यावा लागेल. म्हणून ॲडजंक्टसाठी सगळं 'ऐच्छिक' असतं. ऐच्छिक आणि फुकट. मग येणारे तेच ते सहा उत्साही चेहरे, ज्यांना गरज सगळ्यात कमी.

---

तासिकाग्रस्त:

तिकडे निदान विम्यावरून भांडण आहे. आमच्याकडे नेमणुकीचं पत्र वेळेवर मिळावं यावरून.

---

पाटीपेन्सिल:

तासिकाग्रस्त, तुमचं दुःख खरं आहे आणि त्यावर धागा निघायलाच हवा, पण प्रत्येक प्रतिसादाला सीएचबीची शेपटी लावलीत तर 'नोकरी द्या' इथेच सगळं थांबतं. कॅलिफोर्नियानं 2022-23 च्या बजेटात अर्धवेळ मास्तरांच्या आरोग्यविम्यासाठी दरवर्षी 20 कोटी डॉलर वाढवून दिले. चांगलं झालं. त्यानं झेड-स्कोअरमधला कंस लागत नाही. पूर्णवेळ, गलेलठ्ठ पगाराचा मास्तरही 'क्रिटिकली डिस्कस' एवढ्या दोन शब्दांचा असाइनमेंट देतो आणि घरात कुणी कॉलेज न पाहिलेल्या मुलीला त्याचा अर्थ कळत नाही म्हणून सी-मायनस देतो.

---

तासिकाग्रस्त:

मग त्याला कळेल असं लिहायला सांगा. त्यासाठी वर्कशॉप कशाला, एक ईमेल पुरे.

---

पाटीपेन्सिल:

ईमेलनं झालं असतं तर काय हवं होतं! मेरी-ॲन विंकल्मस यांच्या टिल्टची (असाइनमेंट स्पष्ट लिहिण्याच्या पद्धतीची) चौकट तीनच शब्दांची आहे: हेतू, काम, निकष. हे का करायचं, नेमकं काय आणि कुठल्या क्रमानं करायचं, चांगलं झालं हे ओळखायचं कसं. सात कॉलेज-विद्यापीठांत मास्तरांनी एका कोर्समधले फक्त दोन असाइनमेंट असे बदलून पाहिले. फायदा सगळ्यांनाच झाला, पण पहिल्या पिढीच्या मुलांना जास्त. सोपं वाटतं ना? लिहायला बसा. 'हेतू'च्या जागी दहातले आठ मास्तर धड्याचं नाव लिहितात. 'निकष'मध्ये 'सखोल विश्लेषण' लिहितात, म्हणजे पुन्हा तेच धुकं. तो कागद दुसऱ्या विषयाच्या मास्तरानं वाचून "मी पहिल्या दहा मिनिटांत काय करू?" असं विचारल्याशिवाय दुरुस्त होत नाही. विषयातला माणूस विचारत नाही, कारण त्याला आधीच माहीत असतं.

आणि निकषांसोबत दोन जुने नमुने द्यायचे, एक उत्तम, एक मध्यम. फक्त उत्तम दिला तर मुलं तो उतरवतात.

---

गणोबा:

मध्यम नमुन्याची कल्पना चांगली आहे. उचलली. उपकार मानत नाही.

---

रोखठोक:

बरं ताई, आता धड सांगा. फ्लेक्स डेचं भाषण बंद केलं तर त्या जागी काय? 'संवाद', 'सहयोग' असले शब्द न वापरता.

---

पाटीपेन्सिल:

एकच कोर्स निवडा, जिथे सगळ्यात जास्त मुलं बसतात आणि सगळ्यात जास्त अडतात. बहुतेक ठिकाणी स्टॅटिस्टिक्स किंवा फर्स्ट-इयर इंग्रजी. तो शिकवणारे सहा ते आठ जण, त्यात निम्मे ॲडजंक्ट, प्रत्येकाला तासाप्रमाणे पैसे. पंधरा दिवसांतून दीड तास, अख्खं सत्र. पहिल्या बैठकीत स्लाइड नाहीत, गेल्या सत्रातले मुलांचे बारा पेपर, नावं खोडलेले. सगळ्यांनी तेच पेपर स्वतंत्रपणे तपासायचे आणि गुण फळ्यावर मांडायचे. एकाच पेपरला कुणी बी दिलाय, कुणी एफ. पुढचे दोन महिने त्या फरकावर काढता येतात. तिसऱ्या बैठकीपर्यंत एक असाइनमेंट बदललेला हवा, पाचव्याला त्याचे नवे पेपर टेबलावर.

बिघडतं ते दोन ठिकाणी. वेळ दुपारी दोनची ठेवतात, तेव्हा ॲडजंक्ट दुसऱ्या कॉलेजच्या वाटेवर असतो. आणि विभागप्रमुख खोलीत बसला की कुणी खरे गुण मांडत नाही, विशेषतः ज्याचं पुढच्या सत्रातलं वेळापत्रक त्याच्या हातात आहे तो.

---

रोखठोक:

याला मी वर्कशॉप म्हणत नाही. सबब माझं मूळ वाक्य शाबूत. वर्कशॉपनं एकही पोरगं पास झालेलं नाही.

---

पश्चिम_टेक्सास:

घ्या! पडले तरी नाक वर.

---

आकडेमोड:

पाटीपेन्सिल यांची योजना ग्रँटवर सुरू होते आणि ग्रँट संपली की संपते, हे कुणीच बोललं नाही. आठ जण, प्रत्येकी सत्राला बारा तास, म्हणजे 96 तासांचे पैसे. एका वक्त्याचं मानधन, विमानभाडं आणि बॉक्स लंच वाचवलं तर त्यातलं बरंच निघतं. पण वक्त्याचे पैसे वेगळ्या शीर्षातून येतात आणि मास्तरांचे तास युनियनच्या करारातून. तो करार दोन-तीन वर्षांनी उघडतो. तिथे 'नॉन-इन्स्ट्रक्शनल दर' (शिकवण्याबाहेरच्या तासांचा दर) या ओळीत हे घातलं नाही तर पुढच्या डीननं पहिल्याच वर्षी कापलं म्हणून समजा.

---

तासिकाग्रस्त:

युनियन, करार, दर! वाचूनच डोळे निवले. सीएचबीचा वेगळा धागा काढलाय, गणोबांनी पॉपकॉर्न घेऊन यावं.

---

गणोबा:

येतो. पण गूगल फॉर्म भरून घेऊ नका.